कॅन्सरची माहिती शोधायची ती कोणत्या क्रमाने: रिपोर्टपासून डॉक्टरांच्या भेटीपर्यंत

निदान झालं की त्याच रात्री घरातलं कोणीतरी मोबाइल घेऊन बसतं. आजाराचं नाव टाकतं आणि पहाटेपर्यंत वाचत राहतं. सकाळी त्याच्याकडे औषधांची दहा नवी नावं असतात, तीन पदार्थ बंद करायचं ठरलेलं असतं, एका गोळीची ऑर्डरही गेलेली असते. आपल्या माणसाचा कॅन्सर नेमका कोणत्या प्रकारचा आहे, हे मात्र अजून ठाऊक नसतं.

गेली काही वर्षं मी रुग्णांच्या नातेवाइकांसोबत बसून रिपोर्ट आणि माहिती वाचायला मदत करते. खोट्या वेबसाइटला फसलेले लोक भेटतात, पण त्याहून कितीतरी जास्त भेटतात ते खरी, चांगली माहिती भलत्याच रुग्णाची वाचून आलेले. माहिती बरोबर असते, ती यांच्यासाठी नसते. हे टाळायचं तर शोधायचा क्रम बदलावा लागतो. खाली तो क्रम दिला आहे. टप्पे गाळू नका, विशेषतः पहिले दोन.

सुरू करण्याआधी इशारा: काही गोष्टी शोधत बसायच्या नसतात, लगेच फोन करायचा असतो. केमो चालू असताना ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, पाठीत नवं, वाढत जाणारं दुखणं सुरू झालं आणि पायांतली ताकद किंवा लघवी-शौचावरचा ताबा कमी झाला, दम लागला, रक्तस्राव थांबेना, माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागला. यातलं काहीही झालं तर उपचार करणाऱ्या टीमशी संपर्क साधा, तो होत नसेल तर थेट इमर्जन्सी गाठा. हे फोन नंबर आजच कागदावर लिहून भिंतीवर लावा.

## १. रिपोर्ट समोर घ्या आणि एक पान तयार करा

सगळ्यात आधी रुग्णाला विचारा: तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे? काहींना सगळं हवं असतं, काहींना फक्त उद्या काय होणार एवढंच. जगण्याच्या शक्यतेचे आकडे ऐकायचे नाहीत असं त्यांनी सांगितलं, तर ते आकडे त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नका. घरात माहिती शोधायची जबाबदारीही एकाच माणसाने घ्यावी. चौघांनी चार दिशांनी शोधलं की घरात वाद होतात आणि रुग्णाला ते ऐकत पडून राहावं लागतं.

मग बायोप्सीचा आणि शस्त्रक्रिया झाली असेल तर त्यानंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट घ्या. एका कोऱ्या पानावर या गोष्टी लिहा:

- कॅन्सर मूळ कुठे सुरू झाला आणि पेशींचा प्रकार कोणता
- स्टेज
- ग्रेड
- रिसेप्टर (पेशीवरची हॉर्मोनसारखे संदेश पकडणारी जागा) किंवा जनुकीय चाचण्यांचे निकाल
- आतापर्यंत काय उपचार झाले, पुढे काय ठरलं आहे आणि ते कशासाठी: आजार पूर्ण बरा करण्यासाठी, रोखून धरण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी
- वय, वजन, सहा महिन्यांपूर्वीचं वजन
- इतर आजार, चालू असलेली प्रत्येक गोळी, मूत्रपिंड आणि यकृताच्या शेवटच्या तपासण्या

रिपोर्टमधलं इंग्रजी नाव अक्षर न अक्षर तसंच उतरवा. शोधताना तेच लागणार आहे.

या पानावर चार चुका हमखास होतात.

स्टेज आणि ग्रेड एकच समजणं. स्टेज सांगते कॅन्सर किती पसरला आहे. ग्रेड सांगते की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात. माझ्या मावशीच्या रिपोर्टवर ग्रेड ३ लिहिलं होतं. मी ती तिसरी स्टेज समजले, दोन दिवस तिसऱ्या स्टेजची पानं वाचली आणि तिलाही तसंच सांगितलं. प्रत्यक्षात गाठ लहान होती, काखेतल्या लसिका ग्रंथी स्वच्छ होत्या. ते दोन दिवस तिने कसे काढले, हे मी विसरलेले नाही. हा लेख लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

पसरलेल्या जागेला नवा कॅन्सर समजणं. स्तनाचा कॅन्सर यकृतात पोचला तरी तो स्तनाचाच कॅन्सर असतो, त्याच्या पेशी स्तनाच्या असतात आणि औषधंही त्यानुसार ठरतात. यकृताच्या कॅन्सरची पानं इथे उपयोगाची नाहीत.

पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, निगेटिव्ह म्हणजे चांगलं, असं धरून चालणं. शस्त्रक्रियेच्या रिपोर्टमध्ये मार्जिन निगेटिव्ह असणं चांगलं: कापलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर (इस्ट्रोजेन या हॉर्मोनचा रिसेप्टर) पॉझिटिव्ह याचा अर्थ हॉर्मोन रोखणारी औषधं उपयोगी पडण्याची शक्यता आहे. एकच शब्द, दोन ठिकाणी दोन अर्थ.

टी, एन, एमच्या आधीचं छोटं अक्षर न पाहणं. टी म्हणजे मूळ गाठ केवढी किंवा किती खोल, एन म्हणजे जवळच्या लसिका ग्रंथी, एम म्हणजे दूरच्या अवयवांत प्रसार. त्यांच्या आधी 'सी' असेल तर तो तपासणी आणि स्कॅनवरून केलेला अंदाज, 'पी' असेल तर शस्त्रक्रियेनंतर प्रयोगशाळेत तपासून काढलेला निष्कर्ष, 'वाय' असेल तर आधी केमो किंवा रेडिएशन देऊन नंतर केलेली नोंद. सी आणि पी वेगळे निघाले तर कोणी चूक केली असं नाही.

तपासा: हे पान पुढच्या भेटीत डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवा आणि 'यात काही चुकलंय का?' एवढंच विचारा. एका मिनिटाचं काम आहे. ते होईपर्यंत उपचारांविषयी वाचणं थांबवता आलं तर उत्तम.

## २. प्रश्न एका वाक्यात लिहा

'फुप्फुसाचा कॅन्सर उपचार' हा प्रश्न नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पेशींचे वेगवेगळे प्रकार आहेत, आणि ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल सापडला की औषधांची निवडच बदलते. एवढ्या रुंद शब्दांना जे उत्तर मिळेल ते कोणासाठीच नेमकं नसेल.

प्रश्न असा लिहा: 'या प्रकारच्या, या स्टेजच्या कॅन्सरमध्ये, शस्त्रक्रिया झालेली असताना, केमो दिल्याने परत उद्भवण्याची शक्यता किती कमी होते?' किंवा, 'या औषधाने तोंडात फोड आले आहेत. कशाने आराम पडतो आणि कधी फोन करायचा?' रुग्ण कोण, काय करायचं आहे, कशाच्या तुलनेत आणि कशासाठी, हे चारही वाक्यात आले पाहिजेत.

शब्द निवडताना सावध राहा. 'अमुक अर्काचे कॅन्सरवर फायदे' असं टाकलं तर फायदे सांगणारी पानंच वर येतील, त्यातली बरीच तो अर्क विकणारी. त्याच अर्काच्या नावापुढे 'दुष्परिणाम', 'सुरक्षितता', 'औषधांशी आंतरक्रिया' हे शब्द लावून दुसऱ्यांदा शोधा. औषध शोधताना कंपनीने दिलेलं नाव नको, पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलं मूळ रासायनिक नाव घ्या. कंपनीचं नाव देशागणिक बदलतं, हे नाव जवळजवळ सगळीकडे तेच राहतं.

बहुतेक चांगली सामग्री इंग्रजीत आहे. मोबाइलवर भाषांतर करून वाचायला हरकत नाही, पण यंत्राच्या भाषांतरात कधी नकार गळतो, कधी 'होऊ शकतं' चं 'होतं' होतं. मात्रा, दिवस, 'घेऊ नये' अशा प्रत्येक वाक्यासाठी मूळ पानावर परत जा आणि आकडा डोळ्यांनी पाहा.

## ३. कुठे पाहायचं: वरून खाली

पहिली पायरी हॉस्पिटलने दिलेली माहितीपत्रकं आणि औषधाच्या पाकिटातला कागद. हे लोक पिशवीत टाकून विसरतात. तुमच्या रुग्णाला दिलेलं नेमकं औषध त्यात असतं.

दुसरी पायरी, सार्वजनिक आणि धर्मादाय संस्थांची रुग्णांसाठीची पानं. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या साइटवर जवळजवळ प्रत्येक कॅन्सरचे दोन सारांश आहेत, एक रुग्णांसाठी आणि एक डॉक्टरांसाठी. दोन्ही मोफत. आधी रुग्णांचा वाचा. त्यातला जो परिच्छेद तुमच्या पानाशी जुळतो, तेवढाच भाग डॉक्टरांच्या सारांशात शोधा. तिथे कोणत्या अभ्यासाच्या आधारावर काय म्हटलं आहे ते दिसतं. अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि ब्रिटनची कॅन्सर रिसर्च यूके यांची भाषा सोपी आहे. औषधं आणि रक्ततपासण्यांसाठी मेडलाइनप्लस पाहा. ते अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय चालवतं. एनसीसीएन या कॅन्सर केंद्रांच्या संघटनेच्या रुग्णांसाठीच्या पुस्तिकांत कोणत्या पायरीवर कोणते पर्याय असतात हे आकृत्यांनी दाखवलेलं असतं. डॉक्टरांना प्रश्न विचारण्याच्या तयारीसाठी मला त्या सर्वांत उपयोगी वाटतात.

तिसरी पायरी कॉक्रेन, ही वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था. एका प्रश्नावर झालेले सगळे अभ्यास एकत्र तोलून त्यांचे आढावे लिहिले जातात, आणि प्रत्येक आढाव्यासोबत साध्या भाषेतला सारांश असतो. 'पुरावा कमी खात्रीचा आहे' असं तिथे लिहिलेलं दिसलं तर ते वाक्य वगळू नका, तोच निष्कर्ष आहे.

पबमेड सगळ्यात शेवटी. लोक उलट करतात, कारण पबमेड म्हटलं की वजन येतं. पबमेड ही वैद्यकीय संशोधन-लेखांची यादी आहे. तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत: भक्कम चाचण्या, एकाच रुग्णाची हकिगत, उंदरांवरचे प्रयोग, नंतर मागे घेतलेले लेखही. 'पबमेडवर आहे' याचा अर्थ तो लेख छापला गेला, एवढाच.

इशारा: एका देशाच्या मार्गदर्शिकेत असलेलं औषध दुसऱ्या देशात मंजूर किंवा उपलब्ध असेलच असं नाही. 'आपल्याला हे का दिलं नाही?' असा संशय घेण्याआधी 'हे आपल्याला लागू होतं का आणि मिळतं का?' असं विचारा.

## ४. पान उघडल्यावरची पहिली दोन मिनिटं

मजकूर वाचायच्या आधी खाली जा. कोणी लिहिलं, कोणी तपासलं, शेवटचं कधी सुधारलं? कॅन्सरच्या औषधांविषयीचं पाच वर्षांपूर्वीचं पान शिळं असू शकतं. बायोप्सी कशी करतात याचं पाच वर्षांपूर्वीचं पान बहुधा चालेल.

पुढे पैसा कुठून येतो ते पाहा. ज्या पानावर आजाराची माहिती आणि त्याच आजारावरचं उत्पादन विकायचं बटण शेजारी-शेजारी आहेत, ते बंद करा. मजकूर कितीही पटला तरी.

'आमच्याविषयी' या पानावर विसंबू नका, तिथे प्रत्येकजण चांगलाच असतो. दुसरी टॅब उघडून त्या संस्थेबद्दल किंवा डॉक्टरबद्दल इतर कोण काय म्हणतं ते शोधा. मानचिन्हांवरही भिस्त नको. आरोग्यविषयक साइटना 'हॉनकोड' नावाचं प्रमाणचिन्ह देणारी संस्था डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली. ते चिन्ह एखाद्या पानाच्या तळाशी अजून दिसलं, तरी आज ते कोणीही तपासत नाही.

उपचारांची माहिती जोखण्यासाठी 'डिसर्न' नावाची १६ प्रश्नांची चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळे प्रश्न पाठ करायची गरज नाही; मी त्यातल्या चार मुद्द्यांवर पान पारखते. उपचाराचे धोके दिले आहेत का? एकाहून अधिक पर्याय सांगितले आहेत का? काहीच उपचार घेतला नाही तर काय होईल ते लिहिलं आहे का? आणि जिथे खात्री नाही तिथे तसं कबूल केलं आहे का? चौथा मुद्दा जाहिरातीच्या पानांवर जवळजवळ कधीच सापडत नाही.

## ५. आकडा दिसला की थांबा

'धोका १८ टक्क्यांनी वाढतो' हे वाक्य घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल सांगितलं की दररोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. बऱ्याच जणांनी ते 'शंभरातल्या १८ जणांना कॅन्सर होतो' असं वाचलं. समजा, शंभर जणांत एरवी पाच जणांना हा आजार होणार आहे. पाचाचे १८ टक्के म्हणजे एकाहूनही कमी. पाचाचे जवळपास सहा झाले. टक्केवारी दिसली की 'कशाच्या?' हा प्रश्न विचारायचाच.

त्याच संस्थेच्या गटांवरूनही असाच घोळ होतो. प्रक्रिया केलेलं मांस आणि तंबाखूचा धूर दोन्ही गट १ मध्ये आहेत, म्हणजे दोन्ही सारखेच घातक, असा अर्थ लोक काढतात. गट सांगतो की कॅन्सर होतो याचा पुरावा किती पक्का आहे. किती जणांना होतो हे गट सांगत नाही. जुलै २०२३ मध्ये ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा गट २ बी मध्ये, म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात गेला, तो पुरावा मर्यादित आहे म्हणून.

आता सगळ्यात जिव्हारी लागणारा आकडा. 'मध्यक आयुर्मान ८ महिने' म्हणजे तुमच्या माणसाला आठ महिने उरले आहेत, असं नव्हे. निम्मे रुग्ण त्याआधी जातात, निम्मे त्यानंतरही जगतात, काही तर फार दीर्घकाळ. जीवाश्मतज्ज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटातल्या मेसोथेलिओमाचं (अवयवांभोवतीच्या पातळ आवरणाच्या कॅन्सरचं) निदान झालं, आणि वाचनात त्यांना हाच आठ महिन्यांचा आकडा भेटला. ते २००२ पर्यंत जगले आणि गेले ते दुसऱ्याच कॅन्सरने. प्रत्येकाचं असं होईल, असं मी म्हणत नाही. निम्म्यांपैकी आपण कोणत्या बाजूला पडू हे वय, स्टेज, पेशींचा प्रकार, उपचाराला मिळालेला प्रतिसाद यांवर ठरतं, आणि मध्यकाच्या एका आकड्यात यातलं काहीही नसतं.

पाच वर्षं जगण्याचं प्रमाणही मागे पाहून काढलेलं असतं: ज्यांचं निदान किमान पाच वर्षांपूर्वी झालं, त्यांचं. नव्या औषधांचा परिणाम त्यात पुरता उतरलेला नसतो.

तपासा: 'रिस्पॉन्स मिळाला' म्हणजे बरा झाला नव्हे. घन गाठींच्या नेहमीच्या मोजमापात, मोजलेल्या गाठींच्या लांबीची बेरीज किमान ३० टक्क्यांनी कमी झाली की त्याला आंशिक प्रतिसाद म्हणतात. बातमीत 'प्रतिसाद' वाचला की पुढचा प्रश्न: मग माणसं जास्त जगली का, बरं जगली का?

## ६. आहार आणि पूरक गोळ्या

इथे सर्वांत जास्त नुकसान होताना पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ठरवा, सल्ला कोणत्या काळासाठी आहे. कॅन्सर होऊ नये म्हणून निरोगी माणसाने काय खावं, उपचार चालू असताना काय खावं आणि उपचार संपल्यावर काय खावं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. 'वजन कमी करा, चोथा भरपूर खा, कमी उष्मांकाचं खा' हा सल्ला पहिल्यातला. तो केमो चालू असलेल्या, आधीच खंगत चाललेल्या माणसाला लावला तर त्याची ताकद जाते आणि उपचार सोसेनासे होतात. आतड्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्या किंवा आतडं अरुंद झालेल्या माणसाला तर जास्त चोथा त्रासदायकही ठरू शकतो.

मग वजन मोजा. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. सहा महिन्यांत न ठरवता ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरणं ही गंभीर खूण आहे. ६० किलोच्या माणसासाठी ते तीन किलो. हे दिसताच आहारतज्ज्ञांची भेट मागा. पोट किंवा पायांत पाणी साठलं असेल तर काटा फसवतो, तेही सांगा.

आता गरजेचा आकडा. युरोपातल्या क्लिनिकल न्यूट्रिशन संघटनेची, ईएसपीईएनची शिफारस अशी: कॅन्सरच्या रुग्णाला दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण २५ ते ३० किलोकॅलरी, आणि प्रथिनं किलोमागे १ ग्रॅमहून अधिक, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत. ५० किलोच्या माणसासाठी ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा स्वतःहून लावू नका, आधी विचारा.

इशारा: 'न्यूट्रिशनिस्ट' ही पदवी अनेक देशांत कोणीही नावापुढे लावू शकतं. नोंदणीकृत आहारतज्ज्ञ आहेत का आणि कॅन्सरच्या रुग्णांसोबत काम केलं आहे का, हे स्पष्ट विचारा.

काही समज तर प्रत्येक घरात पोचतात.

'साखर कॅन्सरला पोसते.' ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज झपाट्याने वापरतात. कॅन्सर शोधायला करतात तो पेट (PET) स्कॅनही याच गुणावर चालतो. पण साखर बंद केली म्हणून शरीर ग्लुकोज बनवायचं थांबत नाही, ते इतर अन्नातून आणि गरज पडली तर स्वतःच्या स्नायूंच्या प्रथिनांतूनही बनवतं. साखर बेताने खाणं चांगलंच. पण तोंडाला दुसरं काही लागत नसलेल्या रुग्णाच्या हातातून गोड खीर काढून घेऊ नका.

'अल्कलाइन आहाराने कॅन्सर मरतो.' रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान धरून ठेवतं. खाण्याने बदलतो तो लघवीचा पीएच.

'व्हिटॅमिन बी १७.' हे व्हिटॅमिन नाही. जर्दाळूच्या बियांतल्या अमिग्डालिनशी संबंधित असलेलं हे लेट्राइल नावाचं रसायन. शरीरात त्यापासून सायनाइड तयार होऊ शकतं. अमेरिकेत १७८ रुग्णांवर ते तपासलं गेलं आणि १९८२ मध्ये निष्कर्ष छापला गेला: फायदा दिसला नाही, काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचलं.

'अँटिऑक्सिडंट घेतले तर निदान तोटा नाही.' तोटा झालेला आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त आढळला, हे १९९४ मध्ये छापून आलं. ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या दुसऱ्या एका चाचणीत व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त दिसला, हे २०११ मध्ये. फळाभाज्यांतून मिळणारी जीवनसत्त्वं आणि गोळीतली एकवटलेली मात्रा यांना एकच समजू नका.

पूरक गोळी, अर्क किंवा काढ्याविषयी शोधायचा क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा, पुरावा कशावरचा आहे ते पाहा. काचेच्या बशीतल्या पेशी, उंदीर, की माणसं? बशीतल्या कॅन्सरच्या पेशी ब्लीचनेही मरतात. मग मेमोरियल स्लोन केटरिंग या न्यूयॉर्कच्या कॅन्सर केंद्राच्या 'अबाउट हर्ब्ज' या मोफत संग्रहात त्या वनस्पतीचं नाव टाका आणि आंतरक्रियांचा भाग आधी वाचा. सेंट जॉन्स वॉर्ट ही मनाच्या उदासीवर घेतली जाणारी वनस्पती इरिनोटेकान आणि इमॅटिनिब या कॅन्सरच्या औषधांची रक्तातली पातळी कमी करते. ग्रेपफ्रूटमुळे काही औषधांची पातळी उलट वाढते. बायोटिनच्या जास्त मात्रेने काही रक्ततपासण्यांचे निकालच चुकतात. काही अर्क रक्त गोठायला अडथळा आणतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी त्यांची नोंद डॉक्टरांकडे असलीच पाहिजे. शेवटी बाटलीच घेऊन जा आणि दाखवा. नाव सांगितलं तर घटक कळत नाहीत.

डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवू नका. त्यांनी नको म्हटलं तर 'कोणत्या औषधाशी अडचण आहे?' असं शांतपणे विचारा.

उपचार सोडून फक्त पर्यायी मार्ग घ्यायचा विचार घरात चालू असेल, तर एक अभ्यास वाचून निर्णय घ्या. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नोंदींवरून तो प्रसिद्ध झाला. पसरण्याआधीच निदान झालेले २८१ रुग्ण, ज्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांची नेहमीचे उपचार घेणाऱ्या ५६० जणांशी तुलना केली गेली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीचपट होता.

## ७. 'नवं संशोधन' आणि चाचण्या

बातमी वाचली की टप्पा शोधा. पहिल्या टप्प्यात थोड्या रुग्णांवर सुरक्षित मात्रा शोधतात, दुसऱ्यात काही परिणाम दिसतो का ते पाहतात, तिसऱ्यात सध्याच्या उपचाराशी थेट तुलना होते. उपचार बदलण्याचं बळ बहुधा तिसऱ्यात येतं. तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ठेवलेला मसुदा असेल तर तसं पानावर लिहिलेलं असतं. पबमेडवर लेख मागे घेतला असल्याची सूचना वरच ठळक दिसते. तेवढी नजर टाका.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या नोंदवहीत आजार, ठिकाण आणि 'भरती सुरू' हे निकष लावून शोधा. कोणाला घेतलं जातं याच्या अटी तुमच्या एका पानाशी ताडून पाहा. नोंद असणं म्हणजे सरकारने ती चाचणी तपासून मान्य केली, असं नाही.

इशारा: प्रायोगिक उपचारासाठी रुग्णाकडूनच मोठी रक्कम मागितली जात असेल तर सही करू नका. कागद आपल्या डॉक्टरांना दाखवा.

## ८. व्हिडिओ, फॉरवर्ड, चॅटबॉट

'मी अमुक खाऊन बरी झाले' या हकिगतीत बहुतेकदा शस्त्रक्रियाही झालेली असते, ती एका ओळीत उरकलेली असते. आणि तेच खाऊन जे गेले, ते व्हिडिओ करत नाहीत. रुग्णांचे गट मात्र मोलाचे असतात, केस गळताना काय केलं, मळमळीत काय पोटात राहिलं, कामावर काय सांगितलं, अशा जगण्याच्या गोष्टींसाठी. मात्रा आणि औषध बदलण्याचे प्रश्न तिथे विचारू नका.

चॅटबॉटकडून रिपोर्टमधल्या शब्दांचे अर्थ आणि डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांचा कच्चा मसुदा घ्या. तो अस्तित्वात नसलेले अभ्यासही खऱ्यासारखे सांगू शकतो, म्हणून त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहा. रिपोर्टचा फोटो टाकण्याआधी नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक झाका.

## ९. डॉक्टरांसमोर नेताना

छापलेल्या पानांचा गठ्ठा नेऊ नका. तुमचं एक पान आणि तीन प्रश्न न्या, महत्त्वाचा सर्वांत वर. प्रश्न असा मांडा: 'अमुक संस्थेच्या पानावर हा पर्याय वाचला. यांच्या प्रकाराला आणि स्टेजला तो लागू होतो का? नसेल तर कशामुळे?' 'कशामुळे' हा शब्द गाळू नका. उत्तरात तुमच्या रुग्णाची खास अडचण कळते आणि पुढचा शोध नेमका होतो.

विचारून ध्वनिमुद्रण करा किंवा दुसऱ्या कोणाला लिहून घ्यायला सोबत न्या. उठण्याआधी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा. उत्तर पटलं नाही तर दुसरं मत घ्या. त्यासाठी रिपोर्ट, स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी आणि शक्य असेल तर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या, कारण दुसऱ्या ठिकाणी ते पुन्हा तपासता येतात.

नवा स्कॅन झाला, औषध बदललं, नवी जनुकीय चाचणी आली की टप्पा १ चं पान नव्याने लिहा, वर तारीख टाका आणि जुन्यावर आडवी रेघ मारा. जुन्या पानासाठी जतन केलेल्या लिंकही त्याच दिवशी काढून टाका. दोन महिन्यांनी रात्री अकराला घाबरून तीच लिंक उघडली जाते.